कणगींतील धान्य आणि ताटांतील अन्न

शेत चांगलें पिकलें कीं देशांतील भूक आपोआप नाहींशी होते, असा समज आपल्या शेतकरी वर्गांत फार दिवसांपासून रूढ आहे. हा समज स्वाभाविक आहे. जो धान्य पिकवितो त्यास खळ्यावरील रास पाहून सर्वांचीं पोटें भरल्यासारखें वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु भुकेचा इतिहास चाळूं गेल्यास या समजास पदोपदीं धक्के बसतात. राशी असतांना माणसें उपाशी मेलीं आहेत, आणि खळीं ओस पडलीं असतांना माणसें जगलींहि आहेत. इतकेंच नव्हे, तर दोन्ही वेळां पोटभर भाकरी मिळणाऱ्या घरांत मुलें खुरटलेलीं व बायका फिकट पडलेल्या आढळतात. हें कोडें उलगडल्यावांचून भूक घालविण्याच्या गोष्टी करणें म्हणजे रोग न ओळखतां औषध देण्यासारखें आहे. यास्तव या पाठांत प्रथम उपासमारीचीं कारणें, मग कुपोषणाचीं कारणें, आणि शेवटीं जमीनधारक शेतकऱ्याच्या हातीं असलेले उपाय, या क्रमानें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जगाचा हिशेब

प्रथम सर्व जगाचा ढोबळ हिशेब पाहूं. आज पृथ्वीवर दरसाल सुमारें २८० कोटी टन तृणधान्य पिकतें, आणि लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे. भागाकार केला असतां दर माणशीं वर्षास सुमारें ३४० किलो, म्हणजे दिवसास जवळजवळ एक किलो धान्य पडतें. एक किलो ज्वारीपासून किंवा गव्हापासून सुमारें ३४०० उष्मांक मिळतात. शेतांत दिवसभर राबणाऱ्या धडधाकट गड्यासहि ते पुरावेत. मग लहान मुलांची व म्हाताऱ्यांची गोष्ट बोलावयासच नको. असें असतां संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेनें इतर संस्थांसह २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, २०२४ सालीं सुमारें ६७ कोटी ३० लक्ष माणसें भुकेलीं होतीं, असा अंदाज दिला आहे. सकस आहार विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांचा आंकडा तर सुमारें २६० कोटी आहे.

मग हें धान्य जातें कोठें? त्याचा मोठा वांटा जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यांत जातो; कांहीं भागाचा मद्यार्क करून तो मोटारींत जाळला जातो; कांहीं सांठवणींत व वाहतुकींत नासतो. उरतें तें, ज्याच्या हातीं पैसा आहे त्याच्या घरीं जातें. केवळ भूक आहे एवढ्यानें तें कोणाच्या दारीं चालत येत नाहीं. धान्य पिकविणें हें भूक घालविण्याचें पहिलें साधन होय, याविषयीं शंका नाहीं. परंतु शेतापासून ताटापर्यंत जी वाट आहे, ती वाटच पुष्कळदां तुटलेली असते. ती कशी तुटते व कशी सांधतां येते, याचे तीन दाखले पुढें देतों. त्यांपैकीं दोन आपल्याच मुलखांतले आहेत.

पहिला दाखला : दख्खन, १८७६-७८

१८७६ सालीं दख्खनमध्यें पाऊस हुकला. सोलापूर, कलादगी, अहमदनगर, पुणें, सातारा या जिल्ह्यांत उभीं पिकें करपलीं. त्या काळीं आगगाडी सोलापुरावरून जाऊं लागली होती व तिच्यांतून धान्यहि येत होतें. किंबहुना हिंदुस्थानांतून विलायतेस गहूं त्याच वर्षांत रवाना होत होता. परंतु ज्यांचीं शेतें करपलीं त्यांच्या गांठीस पैसा नव्हता, आणि जे दुसऱ्याच्या शेतांत राबून खात त्यांस काम नव्हतें. बाजारांत धान्य दिसे, पण तें घेण्याचें बळ कोणांत नव्हतें.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. परंतु १८७७ च्या आरंभीं काटकसरीच्या नांवाखालीं मजुरी उतरविली. सर रिचर्ड टेंपल यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या दरानें गड्यास दिवसास एक पौंड धान्य व वर अल्पशी रोकड मिळे. एक पौंड म्हणजे आजचे सुमारें साडेचारशें ग्रॅम. त्यांत पंधरा-सोळाशें उष्मांक भरतात. माती खणणाऱ्या व खडी फोडणाऱ्या गड्यास याच्या सुमारें दुप्पट लागतात. अर्ध्या वैरणीवर बैलास मोटेस जुंपल्यास तो किती दिवस उभा राहील, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. माणसाचीहि तीच गत होते. मुंबई इलाख्यांत सुमारें एक लक्ष मजुरांनीं ही मजुरी नाकारून कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. त्या दुष्काळांत हिंदुस्थानभर पन्नास लक्षांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं असा अंदाज आहे.

या अनर्थानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या दुष्काळ कमिशनानें १८८० सालीं आपला अहवाल दिला. अवर्षण पडलें म्हणजे पहिला घाव शेतमजुराच्या रोजगारावर पडतो, हें त्यानें ओळखिलें. आणि त्यावरून पुढें दुष्काळसंहिता तयार झाल्या. मागेल त्या सशक्त माणसास काम, अशक्तांस फुकट शिधा, आणि संकट जवळ आल्याचीं लक्षणें आधींच ओळखण्याची तजवीज, हें त्या संहितांचें सार होतें. रोग कागदावर तरी ओळखला गेला होता.

दुसरा दाखला : बंगाल, १९४३

संहिता असूनहि ती लागू न केल्यास काय होतें, याचें उदाहरण म्हणजे बंगालचा दुष्काळ. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून किनाऱ्याकडील नावा सरकारनें काढून घेतल्या. त्यामुळें मासेमारी व मालाची नेआण दोन्ही मोडलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेदिनीपुराकडे भयंकर वादळ होऊन पिकांची खराबी झाली. हें सर्व खरें असलें, तरी डॉ. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत आंकड्यांनिशीं दाखविलें आहे कीं, १९४३ सालीं बंगालांतील धान्याचा एकंदर पुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून शेंकडा पांचच्या सुमारासच कमी होता, आणि १९४१ सालाहून तर तो अधिक होता. तथापि १९४१ सालीं दुष्काळ पडला नाहीं; १९४३ सालीं पडला.

कारण भावांत होतें. युद्धाच्या खर्चानें कलकत्त्याकडे पैशाचा पूर लोटला. १९४२ च्या अखेरीस तेथें तांदूळ मणास तेरा-चौदा रुपये होता, तो पुढील मे महिन्यांत तीस रुपयांवर गेला. कारखान्यांतील कामगारांस सवलतीचें धान्य मिळत राहिलें. खेड्यांतील मजुराची मजुरी मात्र जेथल्या तेथें राहिली. शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, भात सडून पोट भरणाऱ्या बायका, हे लोक आधीं मेले. लहान शेतकरी त्यामागून गेले. एका हंगामाच्या तांदळासाठीं त्यांनीं वाडवडिलांच्या जमिनी विकल्या. दुष्काळसंहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर झालाच नाहीं. १९४५ सालच्या चौकशी कमिशनानें मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लक्ष धरला. नंतरच्या अभ्यासकांनीं तो तीस लक्षांपर्यंत नेला आहे. पुरवठ्यांतील तूट थोडी आणि मृत्यूंचा आंकडा एवढा, हें व्यस्त प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरा दाखला : महाराष्ट्र, १९७२-७३

आतां उलट बाजूचा दाखला घेऊं. १९७० पासून महाराष्ट्राच्या अवर्षणी पट्ट्यांत पाऊस दगा देत होता, आणि १९७२ सालीं तो अगदींच हुकला. राज्यांतील धान्याचें उत्पन्न चांगल्या वर्षाच्या निम्म्याहूनहि खालीं गेलें. विहिरी आटल्या, दावणी मोकळ्या झाल्या, बाजारीं बैल कवडीमोलानें विकले गेले. तूट मोजावयाची तर बंगालच्या तुटीपुढें ती कितीतरी मोठी होती. तथापि १८७७ किंवा १९४३ यांसारखा मृत्यूचा कहर या खेपेस झाला नाहीं.

तो न होण्याचें मुख्य कारण, मागेल त्यास काम मिळालें हें होय. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या सुमारें ५० लक्षांवर गेली. राज्याची लोकसंख्या तेव्हां सुमारें पांच कोटी होती. म्हणजे दर दहा माणसांमागें एक माणूस कामावर होता. पाझर तलाव, बांध, विहिरी, रस्ते, खडी, अशीं तीं कामें होतीं. कामांवर सुकडी वांटली जाई, परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी स्वस्त धान्याच्या दुकानांतून मिळे, आणि मजुरीचा पैसा हातीं असल्यामुळें बाजारांतलें धान्यहि खेड्याकडे ओढलें जाई. धान्य कमी होतें, तरी जें होतें त्याची वांटणी अधिक घरांत झाली. कामांवर बायकांची संख्या मोठी होती, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. कारण बाईच्या हातीं पडलेली मजुरी बहुधा थेट चुलीपर्यंत पोंचते.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या कामांवर केवळ भूमिहीन मजूर नव्हते. ज्यांच्या नांवावर सात-बारा होता असे शेतकरीहि, मोठ्या खातेदारांसुद्धां, हातांत टिकाव-पाटी घेऊन तेथें गेले. ज्या घरानें कालपर्यंत दुसऱ्यास मजुरी दिली, त्यास मजुरीवर उभें राहण्याचा प्रसंग एका पावसाळ्यानें आणला. त्यामुळें रोजगाराची हमी ही गरिबांवर केलेली मेहेरबानी आहे, अशी समजूत कोणा जमीनधारकाची असेल तर ती त्यानें टाकून द्यावी. कोरडवाहू मुलखांत जमीनधारक आणि मजूर यांच्यामध्यें अंतर असतें तें बहुधा दोन पावसाळ्यांचेंच.

या हमीचें बीज त्यापूर्वींच पेरलें गेलें होतें. श्री. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा प्रयोग झाला. १९७२ सालीं रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली, १९७७ सालीं तिचा कायदा मंजूर झाला, व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पुढें २००५ सालीं सर्व हिंदुस्थानाकरितां ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हां महाराष्ट्राचाच धडा त्यापुढें होता. उणीवहि सांगितली पाहिजे. १९७२-७३ सालीं पुष्कळ श्रम खडीचे ढीग घालण्यांत गेले. गांवोगांव आधीं आंखणी तयार असती, तर तेच श्रम माती व पाणी अडविण्याच्या कामीं लागून त्यांचें फळ अधिक वर्षें मिळतें.

तिन्ही दाखल्यांचें तात्पर्य एकच आहे. उपासमार थांबवावयाची तर धान्याबरोबर तें घेण्याचें बळ प्रत्येक घरांत पाहिजे. आणि हें बळ म्हणजे काम व पोटापुरती मजुरी. अवर्षणाच्या वर्षीं हें बळ कसें पुरवावें, हें आपल्या प्रांतानें प्रत्यक्ष करून दाखविलें आहे.

दुसरी भूक

एवढ्यावर विषय संपता तर बरें होतें; परंतु उपासमार टळल्यानें कुपोषण टळत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील दर शंभर मुलांत ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत, आणि १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांत ५४ स्त्रियांच्या रक्तांत लोहाच्या वगैरे कमतरतेमुळें तांबडेपणा कमी आहे. हीं सारीं घरें उपाशी नाहींत. यांत जमीनजुमला असलेलीं, कणगी भरलेलीं घरेंहि आहेत. पहिली भूक पोटास कळते. ही दुसरी भूक पोटास कळत नाहीं, म्हणूनच ती अधिक दिवस घरांत राहते.

तिचें कारण शेतकऱ्यास खताच्या उदाहरणानें चटकन समजेल. जमिनींत स्फुरद कमी असेल तर नत्र कितीहि घाला, पीक त्या कमी पडलेल्या द्रव्याच्या मापानेंच वाढतें. शरीराचेंहि तसेंच आहे. मांस, रक्त व हाडें घडविण्यास प्रथिनें लागतात, आणि प्रथिनें हीं अनेक घटकांचीं बनलेलीं असतात. ज्वारींत शेंकडा दहाच्या सुमारास प्रथिनें आहेत, पण त्यांत लायसीन नांवाचा घटक तोकडा पडतो. तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगा यांत प्रथिनें शेंकडा वीसच्या आसपास असून लायसीन भरपूर असतें. उलट दाळींत जो घटक कमी, तो धान्यांत पुरेसा असतो. यास्तव भाकरी आणि वरण हीं एकमेकांची उणीव भरून काढतात. कोरडी भाकरी व तिखटाचा गोळा खाऊन पोट भरतें, परंतु शरीराची वाढ त्या तोकड्या घटकापाशीं अडून राहते.

केवळ ज्वारीवर राहण्याचा परिणाम किती दूर जातो, हें हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० च्या सुमारास दाखवून दिलें. तेलंगणाकडील गरीब ज्वारीखाऊ लोकांत त्यांस पेलाग्रा नांवाचा रोग आढळला. त्यांत उन्हांत उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे पडतात, पोट बिघडतें व बुद्धीस भ्रम होतो. ज्वारी हें वाईट धान्य आहे असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. तें आपल्या भूमीचें, थोड्या पाण्यावर तग धरणारें उत्तम धान्य आहे. मात्र त्यास सोबत पाहिजे.

ही सोबत आपल्या वाडवडिलांनीं शेतांतच घालून ठेविली होती. ज्वारींत किंवा बाजरींत तुरीच्या ओळी, मध्यें मूग, मटकी, हुलगा, बांधाकडेनें अंबाडी, एखाद्या पट्ट्यांत कारळे अथवा जवस, असें शेत असे. एक पीक गेलें तरी दुसरें हातीं लागे, जमिनीस नत्र मिळे, आणि घरास भाकरीबरोबर दाळ, तेल व भाजी मिळे. पुढें नगदी पिकांचा काळ आला. ऊंस, कपाशी, सोयाबीन यांनीं शेतें एकरंगी केलीं. त्यांनीं पैसा दिला हें आम्ही नाकारीत नाहीं. शिक्षण, विहीर, पक्कें घर हें त्या पैशांतूनच झालें. परंतु ऊंस कारखान्यास जातो, कपाशी जिनिंगास जाते, सोयाबीन तेलगिरणीस जातें. आणि शेतांतली तुरीची ओळ गेली तेव्हां ताटांतलें वरणहि पातळ झालें. सबंध देशाचा आंकडा पाहिला तरी हेंच दिसतें. १९५१ सालीं दर माणशीं दररोज सुमारें ६० ग्रॅम कडधान्य वांट्यास येई. पन्नास वर्षांनीं तें निम्म्याच्या आसपास आलें, आणि अलीकडे थोडें सांवरलें असलें तरी जुन्या पातळीस पोंचलेलें नाहीं. गहूं-तांदळांनीं कोठारें भरलीं, त्याच काळांत हें घडलें.

जमीनधारकानें काय करावें

येथपर्यंतच्या विवेचनावरून जे उपाय निघतात ते प्रत्येक शेतकऱ्याच्या आवांक्यांतले आहेत.

(१) घरच्या दाळीचा हिशेब. पांच माणसांच्या घरांत दर माणशीं दररोज ६० ग्रॅम दाळ धरली, तर दिवसास ३०० ग्रॅम व वर्षास सुमारें ११० किलो दाळ लागते. भरडतांना व पाखडतांना होणारी घट धरतां त्यास सुमारें दीडशें किलो अखंड तूर पाहिजे. कोरडवाहू जमिनींत एकरीं तीन क्विंटल उतारा धरला, तर अर्ध्या एकराचें क्षेत्र पुरे. म्हणजे पांच एकरांच्या धन्यास आपल्या शेताचा दहावा हिस्सा तुरीच्या ओळींस द्यावा लागेल. एवढी जमीन घरच्या पोटासाठीं राखावी व तिचा माल विकूं नये. भाव चढला म्हणून घरची तूर विकावयाची आणि पुढें दाळ महाग म्हणून खाणें सोडावयाचें, या व्यवहारांत नफा कोणाचा होतो, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

(२) परस व बांध. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ व अळू, दाराशीं शेवगा, विहिरीजवळ पपई व लिंबू, एवढें लावण्यास वेगळी जमीन लागत नाहीं. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, मेथी, अंबाडी यांत लोह व डोळ्यांस लागणारें जीवनसत्त्व असतें. तें जीवनसत्त्व अंगीं लागण्यास थोडें तेल अवश्य आहे. यास्तव पालेभाजी नुसती उकडून न खातां फोडणी द्यावी.

(३) स्वयंपाकांतील युक्ति. धान्यांतलें व पाल्यांतलें लोह शरीरांत सहज शोषलें जात नाहीं. त्यासोबत लिंबू, आंवळा, पेरू किंवा मोड आलेली मटकी असल्यास तें अधिक शोषलें जातें. उलट जेवणाबरोबर किंवा जेवतांच चहा घेतल्यास तें वाया जातें. चहा सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. जेवण व चहा यांत तास-दीड तासाचें अंतर ठेवावें.

(४) घरांतील पंगत. आपल्याकडे गडीमाणसें आधीं, मुलें नंतर, आणि घरची बाई सर्वांच्या शेवटीं जेवते. तिच्या वेळेपर्यंत वरणाचें पातेलें बहुधा रिकामें झालेलें असतें. तीच बाई शेतांत निंदणी-खुरपणी करते, तीच गरोदर असते, तीच अंगावर पाजते. गाभण गाईस पेंड व सरकी जो चुकतां घालीत नाहीं, त्यानें आपल्या घरच्या गरोदर सुनेस कमी प्रतीचें उरलेलें अन्न मिळावें हें चालू देऊं नये. मातेचें पोषण आणि मुलाचीं पहिलीं दोन वर्षें, या काळांत झालेली हानि पुढें भरून काढणें फार कठीण. तिचें ताट सर्वांबरोबर वाढलें जावें. याहून स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.

(५) लहान मूल. पहिले सहा महिने आईचें दूध पुरे. त्यानंतर दुधाबरोबर मऊ वरण-भात, नाचणीची खीर, शिजवून कुसकरलेली भाजी, थोडें तूप किंवा शेंगदाण्याचें बारीक कूट सुरू करावें. मुलाचें पोट लहान असतें. यास्तव दिवसांतून दोनदां पोटभर देण्यापेक्षां पांच वेळां थोडें थोडें द्यावें. पाणी गढूळ असेल, उघड्यावर घाण असेल, तर वारंवार हगवण लागून खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. स्वच्छ पाणी व शौचकूप हेंहि पोषणाचेंच अंग आहे.

(६) मजुराची मजुरी. ज्याच्या हाताखालीं चार माणसें राबतात त्याच्या हातीं चार चुली असतात. सालगड्याच्या ठरावांत धान्याच्या पोत्याबरोबर तुरीचा वांटा बांधून द्यावा, मजुरी वेळच्या वेळीं चुकवावी, आणि गडी व बाई यांस सारख्या कामास सारखा दर द्यावा. १८७७ सालच्या एक पौंडाच्या हिशेबानें माणूस राबत नाहीं. हें त्या काळच्या अधिकाऱ्यांस कळलें नाहीं, आपणांस कळलें पाहिजे.

(७) गांवचें कामांचें टिपण. कोणत्या नाल्यावर बांध हवा, कोणत्या तळ्यांतील गाळ काढावयाचा, कोणत्या शिवारांत समतल चर खणावयाचे, याची आंखणी ग्रामसभेनें सुकाळांतच तयार ठेवावी. अवर्षण आल्यावर टिपण करूं म्हणणारा गांव पुन्हा खडी फोडीत बसतो.

उपसंहार

जगांतील भूक घालविणें हें काम राष्ट्रांचें, सरकारांचें व मोठ्या संस्थांचें आहे, आपण काय करणार, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. भूक ज्या दोन ठिकाणीं जन्मते, त्यांपैकीं एक मजुराच्या रिकाम्या हातांत आहे व दुसरें शेताच्या पेरणींत आहे; आणि या दोन्ही ठिकाणीं जमीनधारक शेतकऱ्याचा शब्द चालतो. मजुरी किती द्यावी हें तो ठरवितो. तिफणीबरोबर कोणतें बीं सोडावें हेंहि तोच ठरवितो. त्याच्या कणगीची उंची पाहून गांव त्यास मोठा म्हणतें, यांत गैर नाहीं. परंतु त्या कणगीच्या शेजारीं दाळीचें मडकें भरलेलें आहे कीं नाहीं, घरची सून सर्वांबरोबर जेवते कीं नाहीं, आणि आपल्या सालगड्याचें मूल वयाच्या मानानें वाढतें आहे कीं नाहीं, हेंहि त्यानें वर्षांतून एकदां तरी डोळ्यांनीं पाहावें.

मृगाची पेरणी करतांना आमच्या सभासद बंधुभगिनींनीं या पाठांतील पहिल्या कलमाचा हिशेब आपल्या घरच्या माणसांप्रमाणें मांडून पाहावा, आणि तेवढ्या ओळी तुरीस द्याव्या, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.